बैल का थकले नाहीत?

गाईला चार पाय असतात. दोन शिंगे असतात. एक शेपूट असते. गाय उपयुक्त आहे.

उमाबाईंनी पहिली पाटी वाचली, दुसरी वाचली, आणि तिसरीपासून त्या नुसतेच पाय मोजत गेल्या. सगळ्या गाई धडधाकट होत्या. एकीने तेवढे पाय दोन आणि शिंगे चार लिहिली होती, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या वर्गात तीच एक पाटी वाचण्यासारखी होती. पण ती पोरगी म्हणाली, "चुकून झालं बाई," आणि थुंकी लावून तिने ती गाय पुसूनही टाकली.

जालन्याला कादराबादेत गोपीकिशन शेठजींच्या पेढीमागे एक लांबडी खोली होती. तिथे हा मुलींचा वर्ग भरे. राज्य निजामाचं, सरकारी मदरशात सगळं उर्दूतून, आणि तिथे पोरींना धाडतो कोण? म्हणून माहेरी सातवीपर्यंत शिकलेल्या, आता एका वकिलाच्या कारकुनाची बायको असलेल्या उमाबाई घरोघर हिंडल्या. नको असलेला चहा प्यायल्या, सासवांची गाऱ्हाणी ऐकली, आणि एकेक करून पोरी गोळा केल्या. संसारात त्यांच्या नावाचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. भांडी सासूची, घर मालकाचं. हा वर्ग मात्र त्यांचा होता.

शेठजी माणूस वाईट नव्हता. पण दसऱ्यापासून कापसाच्या जिनातून सरकी येणार होती, सरकीला जागा लागते, आणि पोरींच्या गाईपेक्षा खऱ्या गाईला सरकीचा उपयोग जास्त.

"बाई, पोरी पाढे म्हणतात, गाय लिहितात, सगळं बराबर हाय," ते म्हणाले होते. "पण गाय तर माझा मुनीम पण लिहील. एखादीनं स्वतःच्या डोक्यातून कायतरी लिहून दाखवावं. मी जाफराबादहून परतलो की बघतो. न्हाई तर खोली सरकीला. बिलकुल साफ सांगून राह्यलो."

उमाबाई तशाच वर्गात गेल्या. त्यांनी पोरींना सांगितलं, मनाला येईल ते लिहा. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एका सुरात विचारलं, "काय लिहू बाई?" मनाला काही यायला मुळात कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. शेवटी कंटाळून उमाबाई म्हणाल्या, बरं, गाय लिहा. तर सगळ्यांचे चेहरे कसे उजळले.

वर्ग सुटताना शैला नावाची एक शेंबडी पोर दारात रेंगाळली. "बाई, तुमच्या घरी गाय हाय का?"

"नाही."

"मंग तुम्हाला गाय इतकी का आवडती?"

उमाबाईंनी तिला घरी पिटाळलं. घरी गेल्यावर, पोळी करपल्याचा वास आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की पोरीच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेलं वर्गातलं हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी गाय बंद झाली. प्रत्येकीने एक प्रश्न आणायचा, आणि त्याचं उत्तर आणणारीला ठाऊक असता कामा नये. पहिल्या दिवशी प्रश्न आला, गाईला पाय किती? तो परत गेला. मग हळूहळू पोरींची भीड चेपली. मारुतीला शेंदूर लावतात तेव्हा त्याला खाज सुटते का? आगगाडीचा डायवर झोपला तर गाडीला मनमाड आलं हे कसं कळतं? आई सगळ्यांच्या मागून जेवते तेव्हाच भाजी का संपते?

पोरी घरी जाऊनही थांबेनात. एकीची आई पदर खोचून आली आणि म्हणाली, "बाई, माझी पोरगी आधी होती तशी करून द्या."

इथवर छान. पण पाटी पुढे आली की पुन्हा पहिले पाढे. "मारुतीला खाज सुटते. मारुती उपयुक्त आहे." उमाबाईंनी कपाळाला हात लावला. तोंडाने चुरूचुरू बोलणारी पोर पेन्सिल धरली की लगेच उपयुक्त होत होती.

आणि धुरपदा तर प्रश्नसुद्धा आणीना. शेठजींची दमणी, म्हणजे बसायची बैलगाडी, हाकणाऱ्या पुंजारामची ही लेक कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसे, सगळ्यांचे प्रश्न ऐके, आणि पाळी आली की मान हलवी.

"तुला एकही गोष्ट खटकत नाही?" उमाबाईंनी तिच्याशेजारी फतकल मारून विचारलं.

"खटकती."

"मग?"

"ती इचारायची नसती. बा म्हनतो, इचारलं की मार बसतो न्हाई तर काम वाढतं."

"जी विचारायची नसते तीच विचार," उमाबाई मोठ्या ऐटीत म्हणाल्या. मास्तरकी करणारी माणसं असं काहीबाही बोलून जातात आणि पोरी ते खरं धरतात.

शेठजी निघाले तो दिवस उजाडला. दर साली दसऱ्याआधी ते कापसाचा अंदाज घ्यायला जाफराबादला जात. पेढीसमोर दमणी जुंपलेली, पुंजाराम कासरा धरून तयार. शेठजींची धाकटी बहीण लाडबाई दारात उभी. ती बालविधवा, सगळं आयुष्य भावाच्या घरी गेलेलं, आणि घर चालायचं ते तिच्या शब्दावर. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं तिच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नसे, आणि शेठजी तिला जेवढं वचकून असत तेवढं तालुक्याच्या तहसीलदारालाही नसत. उमाबाईंनी पोरींना ओळीने उभं केलं होतं, नमस्कार करायला. तेवढंच शेठजींचं मन पाघळलं तर पाघळलं.

शेठजींनी दमणीच्या पायरीवर पाय ठेवला, आणि ओळीतून खणखणीत आवाज आला.

"शेठजी, कुठं चाललात?"

धुरपदा.

आता हे ज्याला ठाऊक नाही असं मूल त्या मुलखात नव्हतं. बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारायचं नाही. विचारलं की काम बिघडलंच. माणूस तसाच मागे फिरतो, पायताण काढतो, घटकाभर बसतो, गूळपाणी घेतो आणि मग नव्याने निघतो. पुंजारामच्या हातून कासरा गळाला.

शेठजींनी पाय खाली घेतला, जोडा काढला, ओसरीवर येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हे शिकवता व्हय पोरींना? उद्यापासून वर्ग बंद. दसऱ्याची वाट बघायची गरज न्हाई."

उमाबाई धुरपदाकडे वळल्या. पोरीची मान धरावी, माफी मागायला लावावी, शेठजींच्या पायावर घालावी, कदाचित वर्ग वाचेल. हात पुढे गेलाही होता. पण पोर त्यांच्याकडेच बघत होती, सांगितलेलं काम बरोबर झालं ना, अशा चेहऱ्याने. हिला आज माफी मागायला लावली तर ही जन्मात पुन्हा काही विचारणार नाही, आणि मग वर्ग वाचवून त्यात काय, गाईच बांधायच्या? उमाबाईंनी हात मागे घेतला. त्यांना भीती वाटत होती, पण रागही आला होता, आणि रागाने त्यांना उभं ठेवलं.

"शेठजी, तुम्ही घटकाभर बसणारच आहात," त्या म्हणाल्या. "एखादीने डोक्यातून लिहावं ही तुमचीच अट होती. ही आत्ता लिहील. आवडलं नाही तर खोलीला मीच कुलूप लावून किल्ली देते."

शेठजी काही म्हणायच्या आत लाडबाई गूळपाणी घेऊन बाहेर आली. "लिहू द्या, भाईजी. तेवढ्यात तुमचं पाणी होतं."

उमाबाईंनी धुरपदाला पाटी दिली. "उत्तर लिहायचं नाही. तुला काय खटकलं तेवढंच लिही. उपयुक्त हा शब्द आला तर याद राख."

धुरपदा बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग खाली वाकली ती पाटी भरल्यावरच वर आली. आणि उभी राहून तिने वाचलं.

"बैल जाफराबादला जाऊन आले की दोन दिवस बसून राहतात. चारा पण खात नाहीत. दसऱ्याच्या आधी जाऊन येतात तेव्हा मात्र थकत नाहीत. उड्या मारतात. असं का? माझा बा पण त्या रोजी खुश असतो. आई जेवायला वाढते तर तो म्हणतो पोट भरलं आहे. एरवी जाफराबादला गेल्यावर त्याचं पोट भरत नाही. शेठजी उड्या मारत नाहीत पण उतरताना गाणं म्हणतात. ज्या गावाला गेल्यावर बैल थकत नाहीत आणि माणसांची पोटं भरतात ते गाव कुठं आहे? मला तिथं माझ्या आईला न्यायचं आहे."

पुंजाराम बैलांच्या आड लपला होता, पण त्याचे पाय दिसत होते. शेठजींच्या हातातलं पाणी तसंच राहिलं आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

लाडबाई आधी खोकल्यासारखं करू लागली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अगं पोरी, गाव न्हाई ते. आमचा मळा हाय, कोसभर लांब. तिथं वांग्याचं भरीत होतं, कांदा घालून. भाईजी, तुमच्या उपरण्याला दर साली वास येतो."

"तुला ठाऊक होतं?" शेठजींनी विचारलं. "मंग बोलली का न्हाईस?"

"जाणाऱ्याला विचारायचं नसतं. आलेल्याला विचारायची मला सवय न्हाई."

ती हसायची थांबली. थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग उमाबाईंकडे वळली. "बाई, मला लिहिता येत न्हाई. पण विचारायचं एक हाय. तुमच्या वर्गात चालतं का?"

"चालतं," उमाबाई म्हणाल्या.

लाडबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "भाईजी, माझे मालक दिसायला कसे होते?"

ती सात वर्षांची असताना मारवाडात तिचं लग्न लागलं होतं. घुंगट हनुवटीपर्यंत, आणि ती आत झोपून गेलेली. सासरी पाठवायच्या आधीच तापाने नवरा गेला. हे जालन्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने त्याला पाहिलंच नव्हतं, हे मात्र कुणाच्या मनातही आलं नव्हतं. उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

शेठजींनी भांडं खाली ठेवलं. "पोरगंच होतं गं ते, माझ्याच वयाचं," ते म्हणाले. "कान मोठे होते. मांडवात आम्ही गोट्या खेळलो. माझ्या समद्या गोट्या जिंकून घेतल्या त्यानं. मी रडलो, तर सगळ्या परत दिल्या. वर स्वतःची एक दिली."

"इतक्या सालांत सांगितलं न्हाईत."

"तू विचारलं न्हाईस."

"विचारायचं नसतं, असं सगळे म्हणाले."

शेठजींनी उपरणं काढून खुंटीला अडकवलं. मग पुंजारामला हाक मारून म्हणाले, "बैल सोड. आज निघणं न्हाई. आणि जिनात सांगून ये, सरकी तिथंच राहू दे म्हणावं. ही खोली न्हाई मिळायची."

धुरपदाने पाटी पुसली आणि उमाबाईंकडे पाहिलं. उमाबाईंनी मान डोलावली. ती पुन्हा लिहायला बसली. लाडबाई ओसरीवरून उतरली, पोरींच्या ओळीत धुरपदाशेजारी मांडी घालून बसली आणि भावाला म्हणाली, "मंग आता सांगा. आवाज कसा होता त्यांचा?"