पलीकडच्या काठाचा एप्रन

“मावशी, दोन्ही नीट बघ आणि आजच काय ते ठरव. चारच्या बोटीने मला बर्गनला परतायचंय,” म्हणत टोरुनने लॅपटॉप शिवणाच्या टेबलावर ठेवला.

गुडवेगने आधी टेबलावरचं लाल कापड बाजूला घेतलं. भाचीच्या यंत्राखाली कापड चुरगळलेलं तिला खपलं नसतं. खाडीच्या या काठावर हाताने बुनाद शिवणाऱ्या ती आणि तिच्या दुकानात काम करणारी आस्बियर्ग अशा दोघीच उरल्या होत्या. हल्लीच्या पोरी सतरा मेला, नॉर्वेच्या राष्ट्रदिनाच्या मिरवणुकीत घालायचा हा पारंपरिक पोशाखसुद्धा परदेशातून मागवत, मशीनवर भरलेला. कारण त्या लोकांची वेबसाइट होती आणि गुडवेगकडे नुसता फोन, तोही ती हात मोकळे असले तरच उचलायची. या वसंतात एकही नवी ऑर्डर आली नव्हती. दुकान टिकवायचं तर वेबसाइट हवी, हे आता तिच्याही गळी उतरलं होतं.

“हे पहिलं कारागीर संघाचं,” टोरुन सांगू लागली. “साचा ठरलेला. एक फोटो, एक पत्ता, संपलं. हा दुसरा प्लॅटफॉर्म आपल्याला हवा तसा वळवता येतो. गिऱ्हाईक बंडी निवडतं, पट्टा निवडतं, एप्रन निवडतं.”

“कुठलाही एप्रन?”

“कुठलाही.”

“म्हणजे आपल्या बंडीवर पलीकडच्या काठाचासुद्धा?”

“त्याला कुलूप लावता येतं गं. सध्या उघडं आहे इतकंच.”

“मग मला संघाचंच बरं.” गुडवेगचा आवाज चढला. माणूस जिथला, तिथलाच बुनाद अंगावर घालतो. गेल्या साली एका डॉक्टरीणबाईंचा नुसता पट्टा चुकला, तर ती कुजबुज चर्चपासून शाळेपर्यंत पुरली होती. असलं काही आपल्या दुकानातून बाहेर पडलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, याची तिला धास्ती होती.

“मला दाखव गं जरा.” खिडकीजवळची आस्बियर्ग उठून आली. नाक पडद्याला टेकेल इतकी वाकून ती एकेका चित्रावर टिचकी मारू लागली.

गुडवेग कॉफी घेऊन आली तेव्हा पडद्यावर ऑर्डर तयार होती. या काठाची लाल बंडी, पलीकडच्या काठाचा पांढरा एप्रन. खाली आस्बियर्गचं नाव.

“ही काय थट्टा लावलीस?”

“थट्टा कसली? ऑर्डर आहे.”

“तू इथली आहेस. दर सतरा मेला माझ्याशेजारी चालतेस. तो बुनाद मीच शिवलाय तुला.”

“शिवलास की. लग्न होऊन पलीकडून इकडे आले, तेव्हा सासूबाईंनी माझा एप्रन पेटीत टाकला आणि मापं घ्यायला तुला बोलावलं. तू मापं घेतलीस. मला काय हवं ते कुणी विचारलं नाही. तूही नाही.”

“आणि इतकी वर्षं गप्प बसून आज या डब्यापुढे तोंड उघडलंस?”

“त्याने विचारलं ना, कुठला हवा म्हणून.”

टोरुन हळूच लॅपटॉप मिटायला गेली. “राहू दे,” गुडवेगने तिला अडवलं. मग ती आस्बियर्गवर उसळली. “हवा होता तर शिवायचास. तुझ्यासारखा हात जिल्ह्यात नाही. मला कशाला ऑर्डर?”

आस्बियर्गने बोटांनी डोळे चोळले.

“पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा,” ती म्हणाली. “धागे मोजता येत नाहीत मला आता. नाताळपासून दिसतच नाहीत. लाल-हिरवं कसंबसं निभतंय.”

काम रेंगाळतं म्हणून गुडवेग गेले काही महिने तिला टोचून बोलत होती. ते सगळं एकदम आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“तिकडचं काम मला येत नाही,” ती कशीबशी म्हणाली.

“ठाऊक आहे. मी सांगेन तसं कर.”

टोरुनने कोट चढवला. “मावशी, बोट चुकेल. कुठलं घेऊ?”

“हे वळणारं घे. पण कुलूप लाव. कुणाला असलं काही जोडून हवं असेल, तर त्याने इथं येऊन माझ्या तोंडावर सांगावं.”

“आणि ही ऑर्डर?”

“ती आत घे. मग लाव.”

भाची गेल्यावर गुडवेगने पांढरं जाड कापड उजेडात धरलं. आस्बियर्गने त्यावरून बोट फिरवून सुरुवातीची जागा दाखवली. “चार धागे सोड. आता वर घे. पुन्हा चार.” गुडवेग मुकाट्याने टाके घालत गेली. आई गेल्यापासून तिच्या हाताच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती.

आस्बियर्गने टाक्यांवरून अंगठा फिरवला. “तिसरा चुकलाय. उसव.”

गुडवेगने चष्मा पुसला आणि उसवायला घेतलं.