खांद्याच्या पट्ट्यातला अंगारा

आमच्या वसुधावहिनीला क्लबातली पोरं घाबरट म्हणायची. तोंडावर नाही, तेवढी हिंमत कुणात होती? पाठीमागे म्हणायची, आणि मी, तिची सख्खी नणंद, बाजूलाच उभी आहे याचंही भान नसायचं मेल्यांना. मग मी चार शब्द सुनवायची. नीलाच्या तोंडाला लागू नकोस, असं तेव्हापासून मढच्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक झालं.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. ओहोटीला मढची वाळू घट्ट झाली की आमचा क्लब जीप घेऊन तिथे पोचायचा. माणसाच्या अंगावर हार्नेस चढवायचं, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्या धरून ठेवणारे जाड नायलॉनचे पट्टे. पट्ट्यांना मागे पॅराशूट, पुढे लांब दोर, दोराचं टोक जीपला. जीप सुटली की माणूस थोडं पळतो आणि उचलला जातो. वर गेल्यावर दोर सोडायचा आणि तरंगत उतरायचं. वर असताना तुम्ही आणि समुद्र यांच्यामध्ये त्या पट्ट्यांशिवाय काही नसतं. हे सगळ्यांना कळत होतं, पण वागायची तसं एकटी वहिनी.

ती बोरीवलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टीच्या दिवशी मढहून आलो की आधी चहा नाही, आधी हार्नेस. टबात गोड्या पाण्यात बुडवून खारं पाणी काढायचं, साबण अजिबात नाही. जुन्या टूथब्रशनं बकलातली वाळू झाडायची. मग पॅसेजमध्ये सावलीत वाळत टाकायचं, कारण उन्हानं नायलॉन आतून मरतं आणि वरून दिसत नाही. शेजारचे विचारायचे, घोडा कुठे बांधलाय? वहिनी हसायची आणि पट्टा बोटांच्या चिमटीत धरून इंच इंच पुढे सरकवत राहायची. प्रत्येक शिवण वाकवून बघायची. उडायच्या आधी पुन्हा तेच. काल बघितलं होतंस ना, असं कुणी म्हटलं की सांगायची, काल बघितलं ते कालच्यासाठी. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू, पण तिच्या त्या चिकाटीचं मला भारी कौतुक होतं आणि आजही आहे.

आईला मात्र हे सगळं बिलकूल मान्य नव्हतं. माझी आई रुक्मिणी मालवणकडची. बाबा गिरणीत होते तेव्हा ती घरी बसून गोणपाटाच्या पिशव्या शिवायची. हातात दाभण आणि मेण लावलेला दोरा असला की तिचा टाका कुणाच्या बापाला उसवायचा नाही. ‘बायलमाणसान आभाळात कित्याक लटकाचा?’ असं ती दादाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, रोज विचारायची. दादा पेपरात तोंड घालायचा. वहिनी उलट बोलली नाही आणि उडायची थांबलीही नाही.

त्या हिवाळ्यात मार्तंड सर म्हणून एक प्रशिक्षक क्लबात येणार होते. हिमाचलात एक नवंच शिक्षण सुरू झालं होतं. ना जीप, ना दोर, डोंगरावरून पळत सुटायचं आणि पॅराशूटसारख्या पंखाखाली तासन्‌तास तरंगायचं. आमच्या क्लबातून एकाला तिथे नेणार होते, आणि ते येतील त्या दिवशीचं उड्डाण बघून मार्तंड सर माणूस निवडणार होते. वहिनी झोपेतसुद्धा हिमाचलातच असायची. इतकी वर्षं तिनं स्वतःसाठी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

आणि आईनं पलटी खाल्ली. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, मीही येते उद्या. सकाळी निघताना तिनं देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही काम असो, घरातलं मोठं माणूस देवाला मोठ्यानं मागणं सांगतं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सुनेच्या उडण्यासाठी आईनं घातलेलं ते पहिलं गाऱ्हाणं. वहिनीचे डोळे भरून आले, आणि माझेही.

मढला वारा झकास होता. मार्तंड सर खुर्ची टाकून बसले, आई एका होडीच्या सावलीत बसली. क्लबातला विद्याधर पहिला गेला आणि छान उतरला. मग वहिनीचा नंबर. तिनं बॅग उघडली आणि पट्टे चिमटीत धरून सरकवायला लागली. क्लब चालवणारे चंद्रप्रकाश घड्याळ बघायला लागले, कारण भरती काही कुणासाठी थांबत नाही.

डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर तिची बोटं थांबली. पट्टा उलटा केला तर आतल्या बाजूला लाल फडक्याची एवढीशी पुरचुंडी, मेणाच्या दोऱ्यानं आरपार शिवलेली. मी टाका ओळखला. गावच्या देवळातला अंगारा आईनं मुद्दाम मागवला होता, तो कशासाठी हे मला तेव्हा कळलं. वहिनी शाळेत गेली असताना तिनं दाभण काढलं होतं. पुरचुंडी पडू नये म्हणून कपड्यावर नाही, ज्यावर सगळा भार येतो त्या पट्ट्यावरच शिवली होती, आणि शिवली होती गोणपाटासारखी, घट्ट.

वहिनीनं पुरचुंडीवरून एकदा हात फिरवला आणि हार्नेस खाली ठेवलं.

पोरं गोळा झाली. दोरा काप आणि जा, असा सगळ्यांचा सूर. दुसऱ्या कुणाचं हार्नेस घालावं तर क्लबात लहान मापाचं तेवढं एकच होतं, बाकीच्यांतून वहिनी निसटून खाली आली असती. चंद्रप्रकाश म्हणाले, एवढ्याशा भोकांनी काय होतंय, हा पट्टा हत्तीला उचलेल.

‘तुटेल असं मी म्हणत नाही,’ वहिनी म्हणाली. ‘तुटणार नाही असं मला सांगता येत नाही. दाभणानं आत किती धागे तोडलेत ते मला दिसत नाही.’

हे कुणी केलं, असं चंद्रप्रकाशांनी विचारलं. माझी जीभ वळवळली. वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. हार्नेस माझं आहे, सांभाळायचं काम माझं, एवढंच ती म्हणाली. मार्तंड सरांनी विद्याधरचं नाव लिहून घेतलं. मला वाटलं, जाऊन सांगावं या माणसाला की अहो, खरी उडणारी ही आहे. पण वहिनी होडीकडे निघाली होती, म्हणून मीही तिच्या मागे गेले.

आईला कुणी काही सांगावं लागलं नाही. वहिनीच्या हातातला उलटा पट्टा तिनं लांबूनच बघितला होता.

‘माझ्यामुळा ऱ्हवलंस?’ तिनं विचारलं.

मला वाटलं वहिनी नाही म्हणेल. सुना असंच करतात, सासूचं मन राखतात. पण वहिनी वाळूत तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, हो आई, यावर आता टाका चालत नाही, भोक पडलं की पट्टा बाद. मग तिनं विचारलं, ‘आई, अंगारा शिवताना देवाकडे काय मागितलंत?’

‘माझ्या सुनेक सुखरूप खाली आण म्हणान सांगितलंय.’

‘मग त्यानं ऐकलं की. मी खालीच आहे.’

आईनं पदर तोंडाला लावला. वहिनीही रडली, मोकळेपणानं रडली. हिमाचल गेलं होतं, त्याचं दुःख तिनं लपवलं नाही आणि आईवर ढकललंही नाही. असं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

घरी आल्यावर तिनं कात्री काढली. बाद झालेला पट्टा कापून टाकायचा असतो, नाहीतर कुणीतरी चुकून वापरतं. आई उठून आली. ‘माका दी ती कातर. टाको माझो आसा, मीच कापतंय.’ पट्टा जाड, कात्री चालेना, पण आईनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पुरचुंडी तिनं नीट सोडवून देवाजवळ ठेवली.

नवं हार्नेस यायला वर्ष गेलं. ते आलं त्या दिवशी वहिनीनं पहिल्यांदा आईच्या मांडीवर ठेवलं. चष्मा लावून आई पट्टा चिमटीत सरकवायला लागली. शिवणीतलं तिला कोण शिकवणार? पण कुठला पट्टा कशासाठी, आधी मांड्यांचे का लावायचे आणि उतरल्यावर तेच शेवटी का सोडायचे, हे तिनं वहिनीला पुन्हा पुन्हा विचारलं. पॅसेजमध्ये हार्नेसवर ऊन आलं की आता वहिनीच्या आधी आई ओरडायला लागली.

पुढच्या निवडीला मार्तंड सर परत आले. वहिनी पट्टे चढवून उभी राहिली. आईनं पुरचुंडी सुतळीत ओवून तिच्या गळ्यात बांधली, गाठ शर्टाच्या आत खोचली आणि मागे सरून हात जोडले. मला वाटलं, आता नेहमीचं गाऱ्हाणं. चंद्रप्रकाश घड्याळ बघायला लागले.

‘बा देवा म्हाराजा, हिच्या उजव्या मांडयेचो पट्टो घट ऱ्हवांदे.’

वहिनीनं उजवा पट्टा खेचून बघितला. ‘व्हय म्हाराजा.’

‘डाव्या मांडयेचो घट ऱ्हवांदे.’

‘व्हय म्हाराजा.’

‘छातयेचा बकल लागलेला आसांदे. खांद्याच्या पट्ट्याक पीळ नसांदे. पॅराशूटची दोरी खय अडकली आसात तर सुटांदे.’

प्रत्येक मागण्याला वहिनी हात लावून बघत होती. विद्याधर हसायला लागला होता, त्याचं हसू मध्येच थांबलं आणि तोही आमच्याबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लागला. मार्तंड सर खुर्चीतून उठून उभे राहिले. आईनं सगळं सांगून संपवलं, एकदा वहिनीकडे नखशिखांत बघितलं, आणि जीपवाल्याला हात केला.

‘आता जाऊंदे तिका,’ ती म्हणाली.