जिन्याखालची चाकांची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, म्हणजे तुमची व्हीलचेअर. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा रडव्या असतात. मी रडणार नाही. ज्यांच्यात मला राहावं लागलं त्यांची मला कीव येते, आणि कीव संपली की चीड येते.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पहिला मुक्काम सुभेदार सयाजींच्या घरी. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या पत्नीचं, चंद्राबाईंचं, एक अंग लुळं पडलं होतं. सुभेदार रोज संध्याकाळी त्यांना माझ्यात बसवून राजवाड्यावर भेळ खायला न्यायचे. माझ्यावर चिंचेचं पाणी सांडायचं, चाकांना शेण लागायचं, पण त्या घरात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. चंद्राबाई गेल्यावर सुभेदारांनी मला धुऊनपुसून सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजला देऊन टाकलं. त्यांची नात अंकिता तिथं शिकत होती. कॉलेजचं नाव मी सांगत नाही. ते कमानीवर, बसवर आणि फुलांच्या कुंड्यांवरसुद्धा रंगवलेलं आहे. निघताना सुभेदार एवढंच म्हणाले, "हिला पडून ठिवू नका. पडून ऱ्हायली की गंजती."

मला मिळालेला विभाग लोकप्रशासन आणि समाजकार्याचा. विभाग दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. तिथं दरवर्षी 'दिव्यांगांचे हक्क' हे प्रकरण शिकवतात, आणि ते ऐकायला चाळीस पायऱ्या चढाव्या लागतात. यात काही चुकतंय, हे तिथल्या एकाही पीएच.डी. झालेल्या विद्वानाला सुचलं नाही.

विभागप्रमुख राजवर्धन सरांनी माझं स्वागत केलं, म्हणजे माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. भांडारातल्या नानासोंनी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरात, मला चढवलं: 'खुर्ची, चाकांची, एक नग, सुस्थितीत.' ती सुस्थिती टिकावी म्हणून माझ्यावर प्लॅस्टिकची खोळ घातली, चाकाला साखळी लावली आणि जिन्याखालच्या खोलीला कुलूप ठोकलं. वर्षातून एकदा, दिव्यांग दिनाला, मला बाहेर काढत. उद्याचे समाजसेवक आळीपाळीने माझ्यात बसून 'अनुभव' घेत. एक ढकलायचा, एक रील काढायचा, मग सगळे उड्या मारत वडापावच्या गाड्याकडे पळायचे. अहवालात लिहीत, 'सहभागी विद्यार्थी भारावून गेले.' अशी आठ वर्षं गेली.

मग अर्फा आली. लहानपणापासून तिचे दोन्ही पाय अधू. तिचे वडील मोहिद्दीनभाई गाद्या भरण्याचं काम करतात. रोज सकाळी ते तिला स्कूटरवरून आणत आणि पाठीवर घेऊन वर चढवत. कुलपाआड मला त्यांची धाप ऐकू यायची. मला बाहेर काढून तरी काय होणार होतं? माझी चाकं जिना चढत नाहीत. वर्गच खाली यायला हवा होता.

अर्फाने तसा रीतसर अर्ज केला. सरांनी तो प्राचार्यांकडे पाठवला, प्राचार्यांनी समितीकडे, समितीने 'अभिप्रायार्थ' परत सरांकडे. तीन महिने तो कागद पायऱ्या चढत-उतरत राहिला. पायांवाचून त्याचं काही अडलं नाही. आणि या सगळ्या काळात तळमजल्यावरची पाहुण्यांची खोली सोफ्यासकट कुलपात होती. तिथं वर्षाकाठी दोन पाहुणे चहा पीत.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मोहिद्दीनभाईंची कंबर धरली. ते जिन्यापाशीच सरांना भेटले. "सर, माजी कंबर गेली. पोरीला वर न्यायला आता जमत न्हाई. तिचं नाव काढून घेतो."

सर हळहळले. घरी बसून परीक्षा देता येते, असा सल्ला त्यांनी लगेच दिला. मग म्हणाले, शुक्रवारी मूल्यांकन समिती येतेय, तेवढा एक दिवस अर्फाला पाठवा. इतका निर्लज्जपणा मी कारखान्यातल्या भंगारातही पाहिला नव्हता.

शुक्रवारी माझी साखळी सुटली, खोळ निघाली. दाराशी नवा सिमेंटचा उतार केला होता आणि त्यावर शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या. मला वाट द्यायला त्या बाजूला सरकवल्या. अर्फाला माझ्यात बसवलं. किती वर्षांनी खरी गरज असलेलं माणूस माझ्यात बसलं होतं, मित्रांनो, मला फार बरं वाटलं. समितीतल्या बाईंनी तिला विचारलं, ही रोज वापरतेस ना? सरांनी तिच्या आधीच मान डोलावली. अर्फा म्हणाली की नाही, आजच बसलेय.

फोटो झाला. सर घाईघाईने म्हणाले, झालं, आता ऊठ बाळ. जिला उठता येत नाही तिला हा माणूस ऊठ म्हणाला!

अर्फाने माझे दोन्ही ब्रेक ओढले. "मी इथून हलणार नाही, सर. साडेअकराचा तास आहे. तो खाली घ्या."

इतकी वर्षं सहीशिवाय खडूही न दिलेले नानासो पुढे आले. त्यांनी जुडग्यातली किल्ली काढली आणि पाहुण्यांची खोली उघडली. "सायबांची सही मागनं घिऊ," म्हणाले.

अख्खा वर्ग खाली उतरला. काही सोफ्यावर बसले, काही फरशीवर. त्या दिवसाचा विषय होता 'प्रशासनातील विलंब'. सर तो घाम पुसत शिकवत होते.

वर्ग अजून खालीच भरतो. सरांनी त्यावर परिषदेत निबंध वाचला आणि टाळ्या घेतल्या. घेऊ देत. अर्फा आता शेवटच्या वर्षाला आहे. खोळीच्या आत दमट राहून माझी बैठक कुजली होती. मोहिद्दीनभाईंनी जाड कापडाची नवी शिवून दिली.

मित्रांनो, इतर वस्तू शेवटी विनवतात की आम्हाला जपा. जपण्याने माझं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. उद्या तुम्ही कुठल्यातरी कचेरीत बसाल, तुमच्याही किल्लीखाली कुणाच्या तरी गरजेची वस्तू असेल. तिची खोळ फाडा. परवा नानासोंनी नोंदवहीत माझ्यापुढचं 'सुस्थितीत' खोडून 'वापराने झिजलेली' असं लिहिलं. त्या कॉलेजात माझ्याविषयी लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य.