खोटं बाळसं

पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत सकाळपासून रीघ लागली होती. हमालाची दोन वर्षांची लेक, जिला तिच्या अंगकाठीमुळे सगळे काडी म्हणत, तिनं म्हणे वस्तीत नव्यानं आलेल्या बाबांच्या मंतरलेल्या पाण्यानं बाळसं धरलं होतं. बघावं तर खरंच गाल फुगलेले, पाय गुबगुबीत. बाबा दारातच बसले होते. देणारा तो वरचा, आपण नुसते पोस्टमन, असं ते ज्याला त्याला सांगत होते. पाया मात्र पोस्टमनच्याच पडावं लागत होतं.

वस्तीतल्या चारजणी कैक वर्षं दारोदार जाऊन अशक्त पोरांना डाळ, अंडं, तेल घालून शिजवलेलं मऊ अन्न भरवत. लोक त्यांना वाटीवाल्या म्हणत. कौतुक दूरच, रिकामटेकड्या हीच त्यांची ओळख. बाबांनी तर आल्या आल्याच सांगितलं होतं की काडीला यांच्याच वाटीची नजर लागलीय. आता मंतरलेलं पाणी आणि नुसती पातळ पेज द्या, यांचा घास पोटात गेला तर पोर दगावेल. त्या धाकानं काडीच्या आईनं त्यांना दार बंद केलं. पाठोपाठ शेजारणींनीही.

वाटीवाल्यांतल्या थोरल्या काकू गर्दीत मागे उभ्या होत्या. काडीचे पाय दिसले तशा त्या टाचा उंचावून बघू लागल्या. बाळसेदार पोर हात-पाय झाडतं, रडतं. ही मान टाकून पडलेली. ओठावर माशी बसली तरी हलत नव्हती. असं एक पोर काकूंनी पूर्वी पाहिलं होतं, आणि ते वाचलं नव्हतं.

बोललं तर लोक अंगावर येतील, हे त्यांना कळत होतं. तरी त्या पुढे झाल्या आणि पोरीचं पाऊल बघू दे म्हणाल्या. आईनं लेकीला छातीशी घट्ट धरलं.

बाबा हलकेच हसले. "शिवू दे की. मग उद्या काय होतं तेही बघा."

हमाल काकूंना हाताला धरून बाहेर काढायला निघाला, तेवढ्यात त्याची बायको खालच्या आवाजात बोलली.

"काकू, कालपासून ही धड लघवी करत नाही. रात्रभर धापा टाकत होती."

तिनं स्वतःच लेकीचं पाऊल पुढे केलं. काकूंनी त्यावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. मळलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तेच. मग त्यांनी आईला स्वतःचं पाऊल दाबून बघायला सांगितलं. तिथे खड्डा राहिला नाही.

"हे मांस नव्हे बाई, अंगात साचलेलं पाणी आहे. पोर आतून वाळतेच आहे."

काकूंनी बाटलीतलं मंतरलेलं पाणी तळहातावर ओतून जिभेला लावलं आणि बाटली हमालाकडे दिली. त्यानं घोट घेतला आणि थुंकला. पाणी खारट ढाण होतं.

"ते सप्तसागरांचं सत्त्व आहे," बाबा म्हणाले.

"म्हणजे मीठच की," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली.

हमालानं लेकीला उचललं आणि दवाखान्याकडे धाव घेतली. डॉक्टरीणबाईंनी काडीला लगेच दाखल करून घेतलं. कस नसलेल्या अन्नावर राहिलेल्या मुलाच्या अंगात पाणी साचतं, मिठानं ते आणखी साचतं आणि हृदयावर ताण येतो, असं त्यांनी समजावलं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

पण खरी भीती पुढेच होती. उपचारांनी सूज उतरली, तसे काडीचे गाल बसले, बरगड्या वर आल्या. बाबांचा शब्द खरा होतोय, लेक हातची जातेय, असं वाटून आईनं तिला पुन्हा छातीशी घट्ट धरलं.

काकू तिच्याजवळ सरकल्या. "ही तुझी खरी लेक. आता हिला भरवायचंय."

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे थोडं थोडं भरवणं सुरू झालं. कितीतरी दिवसांनी एका सकाळी चमचा यायला उशीर झाला, म्हणून काडी रागानं किंचाळली. ते ऐकून आई रडली.

बाबांनी तोवर वस्तीतून पोबारा केला होता. वस्तीनं चौघींना बोलावून त्यांचा सत्कार केला. हमालाला भाषण जमेना. यांना आपण चेटकिणी समजलो, एवढंच म्हणून तो खाली बसला.

खरं बाळसं घासाघासानं चढतं, म्हणून त्याला गर्दी जमत नाही. अशक्त पोर अचानक फुगलेलं दिसलं, तर कुणाच्या पाया पडण्याआधी त्याची दोन्ही पावलं दाबून बघा. खड्डा राहिला तर थेट दवाखाना गाठा.