सिस्टरांची उजवी बाजू

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणजे तिखट बाई. उभी हयात टेबलाशेजारी उभं राहून त्यांनी डॉक्टरांच्या हातात हत्यारं ठेवली, आणि ज्यांनी हलगर्जीपणा केला त्यांची बिनपाण्याने केली. आज त्याच टेबलावर त्या स्वतः आडव्या झाल्या होत्या. नाकात मांस वाढून श्वास कोंडला होता, वास तर कधीचाच गेला होता.

मोठे सर ऑपरेशनला एका पायावर तयार होते. पण सिस्टरांनी बोट दाखवलं ते सरांच्या शिष्येकडे.

"ही करेल. तुम्हाला घाई फार."

सर हसले, पण लागलंच असणार. शिष्या म्हणजे धाकटी डॉक्टरीणबाई. याच सिस्टरांनी तिला हातमोजे कसे चढवायचे ते शिकवलं होतं.

तिला एक खोड होती. स्कॅन वाचताना ती नाकाच्या डाव्या-उजव्या बाजू दोन वेगळ्या माणसांच्या असल्यासारख्या वाचायची. "ही लग्नाला मुलगा बघायला गेली तरी दोन्ही नाकपुड्या तपासेल," असं सगळे म्हणायचे. म्हणोत बापडे. सिस्टरांच्या डाव्या बाजूची धमनी पुस्तकात असते तशी नाकाच्या छताच्या हाडात गुपचूप बसलेली होती. उजवी मात्र छत सोडून खाली उतरली होती, खोलीत आडवी दोरी बांधावी तशी मोकळी लोंबत होती. ती चुकून कापली, तर तुटलेलं टोक आखडून डोळ्याच्या खोबणीत शिरतं, तिथे रक्त साठतं आणि बघता बघता डोळा जातो. आदली रात्रभर तिला त्या उजव्या डोळ्याशिवाय दुसरं काही दिसलं नाही.

डावी बाजू सुरळीत झाली. उजवीकडे रक्ताने दुर्बिणीचा पडदा लालेलाल झाला. दुर्बिणीसमोर एक बारीक, तिरकी पट्टी आली. सर कोपऱ्यात उभे राहून पडद्यावर बघत होते. त्यांचाही जीव सिस्टरांत अडकलेला.

"हाडाची भिंत आहे ती. उडव," ते म्हणाले.

दहातल्या नऊ नाकांत सरांचंच खरं ठरलं असतं. तिच्या हातातल्या हत्याराचा जबडा उघडलाही होता. पण तिने तो मिटला आणि बाहेर काढला.

"नाही सर. धमनी आहे."

सरांना नाही म्हणण्याची तिची ही पहिलीच वेळ. भूलतज्ज्ञांनीसुद्धा मान वर केली. तिने सलाइनने जागा धुतली, शांतपणे वाट पाहिली, मग बोथट सळईने पट्टीला हलकेच दाबून पाहिलं. हाड असतं तर टणक लागलं असतं. ही दबली. आणि मॉनिटरच्या ठोक्याबरोबर किंचित उडू लागली.

सर पुढे आले. स्कॅनकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"मी कापली असती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चल, तिला धक्का न लावता पुढे जा."

तिने धमनीच्या खालून, वरून, मागून एकेक कप्पा मोकळा केला. अशा ऑपरेशनात डोळे झाकत नाहीत. ती मधूनमधून उजव्या पापणीवर बोट ठेवून बघत होती. मागे रक्त साठलं असतं तर डोळा टणक झाला असता; तो मऊ होता, होता तसाच होता. शेवटचं मांस निघालं तेव्हा तिचा गाऊन घामाने चिंब झाला होता आणि अंगात असं बळ आलं होतं की आणखी चार नाकं केली असती.

सिस्टर शुद्धीवर आल्या. तिने त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा हात समोर धरला.

"सिस्टर, किती बोटं?"

"तीन," सिस्टर घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. उजवा डोळा बारीक करून त्यांनी आणखी निरखून पाहिलं. "आणि नखं वाढलीत. कापून ये पोरी, नाहीतर माझ्या थिएटरात पाऊल ठेवू देणार नाही."

मागे उभे असलेले सर खो खो हसले. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिथेच, सगळ्यांसमोर, हसत हसत भोकाड पसरलं.