मालकाच्या नावाचा ताण

पौडच्या रस्त्याला साहेबरावांचा कारखाना होता. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचे ओतीव हुक तिथं बनत. सत्त्याऐंशी साली साहेबरावांनी कॉम्प्युटर आणला, त्याला हार घातला आणि हुकाची मजबुती तपासायचं काम नसीर ड्राफ्ट्समनच्या गळ्यात मारलं.

नसीर पुण्याला जाऊन महिनाभर शिकून आला होता. हुकाच्या आकृतीवर जाळी टाकायची, मग जाळीच्या कुठल्या गाठीवर किती ताण येतो ते यंत्र सांगणार. अडचण एवढीच, की सहाशेच्या वर गाठी यंत्राला झेपत नव्हत्या आणि हुकावर साहेबरावांचं नाव उठावाच्या अक्षरांत होतं. त्या काना-मात्रांनीच चारशे गाठी खाल्ल्या.

"मालक, तपासण्यापुरतं नाव काढू," नसीर म्हणाला. "आन् हुक दोन्हीकडनं सारखाच हाय. मधोमध कापून अर्धाच तपासला तरी चालतंय."

साहेबरावांनी डोळे वटारले. "माझं नाव काढतुयास? वर मधोमध कापतुयास? लई शिकलास! दुसरं काय काढायचं ते काढ."

दुसरं म्हणजे बोल्टांची भोकं. हुक मोडला तर तिथंच मोडणार, हे नसीरला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं आकृतीतली भोकं बुजवली आणि अहवालावर सही केली. हुक पास झाला. सगळ्यात जास्त ताण 'हे'च्या मात्रेवर निघाला, म्हणून साहेबरावांनी मात्रा जाड करायचा हुकूम सोडला.

गिऱ्हाइकासमोर चाचणी ठरली. दगडांनी भरलेली ट्रॉली जवळच्या रिहे गावाच्या चढाला लागली, बोल्टाच्या भोकापाशी हुक फाटला आणि ट्रॉली उलटी घरंगळत चढाखालच्या भीमाबाईंच्या भातखाचरात जाऊन बसली. कुणाला खरचटलंही नाही.

"औंदा भात लावायचं का ट्रॉल्या?" भीमाबाई बांधावरून ओरडल्या.

साहेबरावांनी तुकडे नसीरच्या टेबलावर आदळले. "कॉम्प्युटरनं पास केला व्हता ना?"

"त्याला भोक दावलंच न्हाई, मालक."

"मग सही कुणाची हाय?"

"माझी. तीच चूक झाली. आता नाव ठेवून मी सही करणार न्हाई. दुसरा माणूस बघा."

तिसऱ्या दिवशी साहेबराव म्हणाले, "मी तहसीलला जातुय. माझ्यामागं काय कापायचं ते काप. माझ्या डोळ्यांदेखत नगं."

नसीरनं नाव पुसलं, हुक अर्धा केला आणि वाचलेल्या सगळ्या गाठी भोकाभोवती ओतल्या. तिथल्या ताणाचा आकडा सोसवेल त्याच्या तिप्पट आला. कारागिरांनी भोकापाशी धातू वाढवला. महिन्याभरानं तीच ट्रॉली, तेवढेच दगड घेऊन त्याच चढाला लागली.

"बिनकामाचं आधी काढायचं, हे मीच शिकवलं ह्याला," साहेबराव गिऱ्हाइकाला सांगत होते. नसीर बांधावर उभा होता. ट्रॉली माथ्यावर पोचली, तेव्हा कुठं तो बांधावरून खाली उतरला.