केसलरबाईंची तपासणी

मंगळवारी सकाळी दहाला केसलरबाई येणार होत्या, आणि पहाटे पाचला आनेग्रेट आईच्या न्हाणीघरात गुडघे टेकून फरशी घासत होती. नेमकं हेच करायचं नाही, असं तिला बजावून सांगितलेलं होतं.

सांगितलं होतं ते नगरपालिकेतल्या सल्लागार बाईने. घर आहे तसंच राहू द्या. आईला नटवू नका. दोन आठवडे रोज वहीत लिहा, काय जमलं नाही, कुठे पडल्या, काय विसरल्या. विम्याकडून तपासायला येणारी बाई तासभरच थांबते, त्या तासात तिला खरं दिसलं पाहिजे. आनेग्रेटने मान डोलावली होती. वहीसुद्धा नेमाने लिहिली होती. पण परकं माणूस घरात येणार आणि न्हाणीघराला वास येतोय, हे आमच्या एबिंगनसारख्या जर्मन गावातल्या बाईला सहन होईल का? जीव गेला तरी होणार नाही. इथे लोक डॉक्टरला बोलवायच्या आधी खिडक्या पुसतात.

म्हणून तिने पुसलं. ओली चादर मशिनमध्ये गेली, गादीवरचं प्लास्टिक घडी होऊन कपाटात गेलं. शेगडीवर "बंद केलीस का?" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, नळावर एक होती, दारावर दोन होत्या. त्या सगळ्या तिने नखांनी खरवडून काढल्या, कारण घर कसं गबाळं दिसत होतं. करपलेलं पातेलं तळघरात गेलं. आठ वाजता आईला उठवून तिने अंघोळ घातली, निळा ब्लाऊज घातला, केस विंचरले. आणि मग आरशात पाहिलं तर समोर शहाऐंशी वर्षांची टवटवीत म्हातारी बसलेली, जिला कुणाच्या मदतीची काडीची गरज नाही. आपण काय करून बसलो, हे आनेग्रेटला तेव्हा कुठे कळलं.

चर्चच्या मागच्या वृद्धाश्रमात आईच्या, म्हणजे लिओबा राईब्लेच्या नावाने एक खोली धरून ठेवली होती, ती फक्त महिनाअखेरपर्यंत. सरकारी विमा त्या खोलीचा भार उचलणार होता, पण माणसाला किमान दुसरी श्रेणी मिळाली तरच. माणूस जितका परावलंबी तितका श्रेणीचा आकडा मोठा. वसंतात पहिली तपासणी झाली तेव्हा लिओबाने आलेल्या गृहस्थाला स्वतःच्या हाताने केक कापून दिला, त्याच्या बाहीची शिवण उसवलीय हे दाखवून दिलं, आणि पहिली श्रेणी पदरात पाडून घेतली. पहिल्या श्रेणीत खोली नाही. तेव्हापासून आनेग्रेट आईच्या सोफ्यावर झोपत होती. झोपत होती म्हणजे काय, रात्रीतून पाच वेळा उठत होती, आणि सकाळी औषधांच्या दुकानात उभी राहत होती. मागच्या गुरुवारी तिने एका म्हाताऱ्याला भलत्याच माणसाच्या हृदयाच्या गोळ्या काढून दिल्या. मालकिणीचं लक्ष गेलं म्हणून निभावलं.

"कोण येणार आहे म्हणालीस?" लिओबाने तिसऱ्यांदा विचारलं.

"केसलरबाई. विम्याकडून. श्रेणी ठरवायला."

"पहिलीच देतील. शाळेत मला कायम पहिली असायची."

"आई, पहिली नकोय आपल्याला."

"मग काय तुझ्यासारखं चौथीवर समाधान मानू?"

आनेग्रेटने कॉफी टाकली.

केसलरबाई बरोबर दहाला आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, तीन जिने चढून धापा टाकत होत्या. लॅपटॉप टेबलावर उघडून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. हात मानेमागे नेता येतात का? लिओबाने नेले. खुर्चीवरून उठता येतं का? लिओबा उठली, टेबलाला न धरता, आणि वर ब्लाऊज खाली ओढून नीट केला. आजची तारीख? तारीख तिने वारासकट सांगितली. सांगणारच, न्याहारीच्या वेळी वर्तमानपत्र तिच्यासमोर होतं. आणि ते ठेवलं होतं कुणी? आनेग्रेटने.

आनेग्रेट शेजारी बसून मनातल्या मनात धावा करत होती. चूक गं आई, एकदा तरी चूक. कप सांड. माझं नाव विसर. पोटच्या पोरीने असं मागावं याची तिला शरम वाटत होती, आणि तरी ती मागत होती.

"जिना चढउतार जमते?" केसलरबाईंनी विचारलं.

"दारावरची पाळीची पाटी पाहिलीत ना? या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी आहे. धुळीचा कण सापडला तर मला दाखवा."

"रात्री उठावं लागतं?"

"मला? मी ढाराढूर झोपते."

आनेग्रेटने तोंड उघडलं. लिओबाने फक्त मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं ही बाई बनियनच्या फॅक्टरीत माल तपासायला होती. तिच्या टेबलावरून एक सुटलेला टाका पुढे जात नसे, आणि तिने नुसतं पाहिलं तरी मशिनवरच्या मुलींना रडू कोसळायचं. आनेग्रेट आता एकोणसाठ वर्षांची होती, तरी तिचं तोंड मिटलं.

"मुलीला काय वाटतं?" केसलरबाई तिच्याकडे वळल्या.

"तसं ठीक आहे," आनेग्रेट म्हणाली. "कधीकधी विसरते."

वही तिच्या मांडीवरच्या पिशवीत होती. हात पिशवीवर होता. तो काही आत गेला नाही. केसलरबाईंनी आणखी थोडं काही टिपलं, लॅपटॉप मिटला, कॉफीबद्दल आभार मानले आणि त्या निघाल्या.

दार लागल्यावर आनेग्रेटने पिशवीतून वही काढली. मग घरातल्या सपाता घालूनच धावत सुटली आणि दुसऱ्या मजल्यावर तिने बाईंना गाठलं.

"ते सगळं खोटं होतं," ती कुजबुजली. कुजबुजणं भाग होतं. तळमजल्यावरच्या ब्रेंडलेबाईंचं दार जिन्यात पाऊल वाजलं की बोटभर उघडतं. "मी पहाटेपासून आवरलं. चिठ्ठ्या काढल्या, पातेलं लपवलं."

"का?"

"घाण दिसलं असतं."

केसलरबाईंनी सुस्कारा सोडला. "आठवडाभरातलं हे माझं सहावं आवरलेलं घर. पण बाई, मी पाहिलं ते लिहिणार, नाहीतर घरच्यांनी सांगितलं ते. तुम्ही म्हणालात ठीक आहे."

"ठीक नाहीये हो." आनेग्रेटचा आवाज फुटला. "माझ्याच्याने आता होत नाही. वृद्धाश्रमातली खोली महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवलीय. मी गुरुवारी एकाला भलत्या गोळ्या दिल्या. मालकीण नसती तर मेला असता तो माणूस." तिने वही त्यांच्या हातात कोंबली.

केसलरबाई कठड्याला टेकून पानं चाळू लागल्या. शेगडी, चार वेळा. पडणं, दोनदा. सपाता घालून फॅक्टरीच्या फाटकापर्यंत जाणं. "दिवसाचं बरंच आहे," त्या म्हणाल्या. "पण रात्रीचं काहीच लिहिलेलं नाही. रात्री काय होतं?"

आनेग्रेटने खाली पाहिलं. "रात्रीचं तसं काही नाही."

"चादरींचं राहिलं," वरून आवाज आला.

लिओबा तिसऱ्या मजल्यावर कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. ती काही कुजबुजत नव्हती. फॅक्टरीत मशिनांच्या वरताण बोलायची तिची सवय अजून गेली नव्हती.

"चादरी रोज ओल्या होतात. दोनदा, कधी तीनदा. ही बदलते, मी झोपेचं सोंग घेते. लिहा."

"आई, आत जा. हळू बोल."

"आणि जिना हीच झाडते, माझ्या आधी उठून. मला कळत नाही असं तिला वाटतं."

तळमजल्यावर दार बोटभर उघडलं. आनेग्रेटला ते ऐकू आलं आणि ती वर जायला निघाली, पण केसलरबाईंनी तिच्या दंडाला धरून थांबवलं. मग त्या स्वतः तिथेच पायरीवर बसल्या आणि लॅपटॉप मांडीवर उघडला.

लिओबाने एक पाय खालच्या पायरीवर टाकून पाहिला. जमलं नाही. तिने तो मागे घेतला, कठडा धरत धरत बूड टेकलं आणि निळ्या ब्लाऊजसकट पायरीवर बसली.

"पाय धुता येत नाहीत," ती म्हणाली. "बटणं ही लावते. संडासात गेले की कधीकधी कळत नाही पुढे काय करायचं. तेव्हा हिला हाक मारते. काल हाक मारायचंही सुचलं नाही."

"पुरे ना आई." आनेग्रेट रडत होती, आणि रडू लपवायचं तिला सुचत नव्हतं.

"तू गप. तपासणी माझी आहे. दुकानात गोळ्या देताना नीट बघायचं असतं, एवढं कळत नाही तुला?" मग केसलरबाईंकडे वळून, "तिला झोप मिळत नाही. तेही लिहा."

केसलरबाई बराच वेळ टंकत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"राईब्लेबाई, दुसरी श्रेणी मिळाली तर तुम्हाला त्या वृद्धाश्रमात जावं लागेल. हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"जायची इच्छा आहे?"

"नाही," लिओबा म्हणाली. "मुळीच नाही. तुम्ही लिहा."